नगरची उपासना, ओहायोची उपासना: मला पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच. घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. लग्न होऊन ओहायोला आले त्याला सतरा वर्षं झाली. गावी गेले की आत्या, मामी, शेजारच्या काकू अमेरिकेतल्या धर्माबद्दल विचारतात. इथल्या मराठी मंडळात गेले की आपली हिंदू मंडळी विचारतात, कारण ऑफिसातल्या अमेरिकनांना असलं काही विचारायचं म्हणजे अवघडल्यासारखं होतं. प्रश्न बहुतेक तेच, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही की इतिहासाची प्राध्यापक नाही. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, तेवढाच माझा अधिकार.

अमेरिका म्हणजे ख्रिस्ती देशच ना?

आत्याचा हा कायमचा प्रश्न. तिच्या डोळ्यांसमोर नोटेवरचं ‘आमचा देवावर भरवसा आहे’ हे वाक्य असतं. पण ते वाक्य देशाच्या जन्मापासूनचं नाही. ते पहिल्यांदा १८६४ साली दोन सेंटच्या नाण्यावर आलं. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि माणसं देवाची आठवण काढण्याच्या मनःस्थितीत होती. देशाचं अधिकृत बोधवाक्य ते व्हायला १९५६ साल उजाडलं, म्हणजे शीतयुद्ध. रशिया नास्तिक, तर आपण आस्तिक, असा तो हिशेब.

शाळेत मुलं छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात, त्यातले ‘देवाच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्दही १९५४ मध्येच घातले. गंमत अशी की १८९२ साली ती प्रतिज्ञा लिहिली फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पंथाच्या पाळकानं, आणि त्याच्या मूळ मजकुरात देव नव्हता. पाळकाला गरज वाटली नाही, ती साठ वर्षांनी संसदेला वाटली.

राज्यघटनेत शेवटी तारीख लिहिताना ‘आमच्या प्रभूच्या वर्षी’ असं आलंय, ते त्या काळच्या दस्तऐवजांच्या रिवाजानं. बाकी घटनेत देव नाही. उलट सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही, असं सहाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं सांगितलं की संसदेनं कुठलाही धर्म अधिकृत करायचा नाही आणि कुणाच्या धर्मपालनाच्या आडही यायचं नाही.

तेव्हा राज्य ख्रिस्ती नाही, पण इथली माणसं बराच काळ बहुसंख्येनं ख्रिस्ती होती आणि अजून आहेत. फक्त देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नाव असलेल्यांचा आकडा घसरतोय. गॅलप ही संस्था १९३७ पासून हे विचारत आलीय. तेव्हा ७३ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे) वगैरे सभासद होते. २०२० मध्ये हा आकडा ४७ वर आला, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग मिशनरी आता इकडून तिकडे पाठवायला हवेत.” त्या गोष्टीकडे पुढे येते.

धर्म आणि सरकार वेगळं ठेवा, हे खूळ नास्तिकांनीच काढलं असणार?

नाही. या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

इंग्लंडातल्या सरकारी चर्चला कंटाळून प्युरिटन नावाच्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक मॅसॅच्युसेट्सला आले, हे खरं. पण इथं येऊन त्यांनी काय केलं, तर स्वतःचं सरकारी चर्च काढलं. रॉजर विल्यम्स नावाचा त्यांच्यातलाच पाळक म्हणाला, बळजबरीच्या उपासनेला देवाच्या लेखी काही किंमत नाही. त्याला वसाहतीतून हाकललं. त्यानं १६३६ साली प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं, जिथं कुणालाही श्रद्धेवरून छळायचं नाही असा नियम होता. मेरी डायर ही क्वेकर पंथाची बाई हद्दपार होऊनही पुन्हापुन्हा बोस्टनला येत राहिली. १६६० साली तिला फाशी दिलं, तेही धर्मासाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी. आज तिचा पुतळा बोस्टनच्या विधानभवनासमोर आहे.

सरकारी चर्चचा कर भरावा लागायचा तो सगळ्यांना. बॅप्टिस्टांचं म्हणणं होतं, आमच्या देवळाचं आम्ही बघू, तुमच्या पाळकाचा पगार आमच्या खिशातून नको. व्हर्जिनियात तर परवाना न घेता प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट उपदेशक तुरुंगात गेले होते. अशा लोकांना साथीदार मिळाला तो थॉमस जेफरसन, ज्याचा चमत्कारांवर विश्वास नव्हता. पुढे म्हातारपणी त्यानं पात्यानं शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची, पानं कापून, चमत्कार वगळून, येशूची फक्त शिकवण वेगळी चिकटवली. एक कट्टर भाविक आणि एक संशयी, दोघांना हवं होतं एकच.

आता चीजची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावचा जॉन लेलँड हा बॅप्टिस्ट उपदेशक. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला त्या आनंदात गावातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या गाईंचं दूध एकत्र करून १,२३५ पौंडांचा, म्हणजे साधारण ५६० किलोंचा, चीजचा गोळा केला. लेलँडनं तो वॉशिंग्टनला नेला आणि १ जानेवारी १८०२ रोजी जेफरसनला भेट दिला. त्याच दिवशी जेफरसननं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहिलं. ‘चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत’ हा इथं उठताबसता वापरला जाणारा शब्दप्रयोग त्या पत्रातून प्रसिद्ध झाला. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, लेलँडनं संसदेच्या सभागृहात प्रवचन केलं, ते ऐकायला भिंतवाला जेफरसन स्वतः हजर! आजचे दोन्ही बाजूंचे भांडखोर यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग सांगतात.

मॅसॅच्युसेट्सनं सरकारी चर्च सोडलं ते थेट १८३३ साली. तोवर बाकी राज्यांत ते बंद झालं होतं. आणि नेमक्या याच काळात अमेरिकेतली देवळं ओसंडून वाहू लागली. युरोपात सरकारनं चर्च पोसलं, तिथं ती रिकामी होत गेली. इथं सरकारनं हात काढला आणि लोकांनी हात लावला. इथल्या ख्रिस्ती जगण्यातलं जे चांगलं आणि जे वाईट मी बघते, ते बहुतेक या एकाच गोष्टीतून निघालेलं दिसतं: देऊळ लोकांच्या खिशावर चालतं.

खिशावर चालतं म्हणजे नेमकं कसं?

आमच्या इथल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दर नोव्हेंबरात घरोघरी एक कार्ड येतं. पुढच्या वर्षी आपण किती देणार तो आकडा लिहून द्यायचा. मग जानेवारीत बजेटची सभा. तिथं छप्पर गळतंय, बॉयलर जुना झालाय, पाळकाच्या आरोग्यविम्याचा हप्ता वाढलाय, असं सगळं निघतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजोबांनी कॉफीच्या कपांच्या खर्चावर वीस मिनिटं घेतली. मला वाटलं हे चर्च नव्हे, हाउसिंग सोसायटीची जनरल बॉडी आहे.

पाळक नेमायचा तर सभासदांची समिती शोध घेते, उमेदवार येऊन प्रवचन करतो आणि मंडळी मत देते. सगळ्या पंथांत असं नसतं. कॅथलिकांत बिशप नेमतो, मेथडिस्टांतही. पण जे माझ्यासारखे काँग्रिगेशनल परंपरेतले, त्यांच्यात मंडळीच मालक.

नगरला लहानपणी मी ऐकलेली भाषा वेगळी होती. ‘मिशनचं आहे’ हा शब्द होता. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, कंपाउंड मिशनचं. पैसा परदेशातून यायचा, त्यामुळे छप्पर गळलं तरी साहेबाला सांगायची सवय. कवी नारायण वामन टिळकांना हे फार खुपायचं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसानं १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. दोन वर्षांनी ते वारले. मिशन अमेरिकन होतं, पण स्वतःच्या देवळाचं ओझं स्वतः उचलायची अमेरिकन रीत त्यांनी इकडे आणली नाही. ती टिळकांना आपल्याच वारकरी दिंडीत दिसली.

या रीतीची दुसरी बाजूही सांगते. जिथं खिसा तिथं गिऱ्हाईक. लोक चर्च ‘बघायला’ जातात, जसा आपण फ्लॅट बघतो: पार्किंग आहे का, लहान मुलांसाठी काय सोय, संगीत जुनं की गिटारवालं, प्रवचन किती लांब. पाळक दुखेल असं बोलला तर माणसं पुढच्या चौकातल्या चर्चला जाऊन बसतात. सभासद आटले की इमारत विकली जाते आणि तिथं फ्लॅट होतात, नाहीतर बिअरचा कारखाना. काचचित्रांखाली बिअर पिणारे लोक मी पाहिलेत. तक्रार करायला जागा नाही, त्यांनी रीतसर विकत घेतलंय.

एवढे पंथ कशाला?

वरच्याच कारणामुळे. भांडण झालं तर परवानगी कुणाची घ्यायची? शेजारी दुसरं चर्च काढायचं. आपल्याकडे मंडळं फुटतात तसंच. गावात पहिला गणपती असतो, मग मानाचा असतो, मग नवतरुणांचा असतो.

गोऱ्यांचं आणि काळ्यांचं चर्च वेगळं का? देव तर एकच.

हा प्रश्न माझ्या मुलीनं सहाव्या वर्षी विचारला होता. तिला दिलेलं उत्तर तोकडं होतं, जरा नीट देते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये ॲब्सलम जोन्स हा काळा माणूस गुडघ्यांवर प्रार्थना करत असताना त्याला ओढून उठवलं, कारण ती जागा गोऱ्यांची. तो म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. थांबले नाहीत. त्याच्यासोबत रिचर्ड ॲलन होता, जो गुलामीत जन्मला आणि स्वतःची किंमत भरून सुटला होता. ते सगळे उठून निघून गेले. ॲलननं १७९४ मध्ये बेथेल चर्च उघडलं आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा पंथ उभा राहिला. म्हणजे वेगळं चर्च त्यांनी हौसेनं काढलं नव्हतं. पण एकदा काढल्यावर, गुलामीच्या देशात काळ्या माणसाच्या पूर्ण मालकीची तीच जागा राहिली. शाळा तिथं, सभा तिथं, मतदानाची तयारी तिथं. मार्टिन ल्यूथर किंग चर्चमधून आले हा योगायोग नव्हता, त्यांना दुसरीकडून येण्याची वाटच फारशी नव्हती.

गोऱ्यांच्या बाजूला काय चाललं होतं? गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी म्हणून नेमता येईल का, या प्रश्नावर १८४५ साली बॅप्टिस्ट फुटले. ‘हो, येईल’ म्हणणाऱ्यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन केलं. हे वाक्य मी नगरच्या ख्रिस्ती घरातली म्हणून दोनदा वाचते. मिशनरी म्हणजे आमच्याकडे शाळा, दवाखाना, दुष्काळातली खिचडी. गुलामीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्या संघटनेनं माफी मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी.

लिंकननं ४ मार्च १८६५ च्या भाषणात म्हटलं होतं की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. अशा प्रसंगी ‘देव आमच्या बाजूला’ असं म्हणायचा मोह राष्ट्राध्यक्षाला होतो. त्यानं ते म्हटलं नाही. अमेरिकन सार्वजनिक आयुष्यातलं मला सगळ्यात ख्रिस्ती वाटणारं भाषण हे, आणि ते करणारा माणूस कुठल्याही चर्चचा सभासद नव्हता.

१५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी अलाबामातल्या बर्मिंगहॅममधल्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. रविवारच्या शाळेतल्या. मी शिकवते त्याच वयोगटातल्या.

किंग म्हणाले होते की रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सगळ्यात विभागलेला तास आहे. माझ्या गावात तो अजून बराचसा तसाच आहे.

हे ऐकून नगरच्या लोकांनी चुकचुकण्याआधी जरा थांबावं. आमच्याकडे चर्च एकच असतं, बाकही एकच. पण लग्न जमवताना ‘मुलाकडचे मूळचे कोण?’ हा प्रश्न दुसऱ्या चहाच्या कपाला येतो. महार, मांग, ब्राह्मण, सगळे एका प्याल्यातून प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस) घेतात आणि सोयरीक आपापल्यात करतात. माझ्या घरातही झालंय.

थँक्सगिव्हिंग ख्रिस्ती सण आहे का?

आहेही आणि नाहीही. १६२१ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला पन्नासेक इंग्रज आणि मॅसासॉइट या प्रमुखाबरोबर आलेले, वाम्पनोआग या मूळ रहिवासी जमातीचे नव्वदेक पुरुष तीन दिवस एकत्र जेवले. हरणं वाम्पनोआगांनी आणली होती. प्युरिटन पद्धतीप्रमाणे ‘उपकारस्तुतीचा दिवस’ म्हणजे चर्चमध्ये बसून प्रार्थना करायचा दिवस, हे होतं पीक घरात आल्याचं जेवण. राष्ट्रीय सण म्हणून तो रुजला लिंकनमुळे, १८६३ साली, युद्धाच्या ऐन मध्यात. त्यामागे सेरा जोसेफा हेल या संपादिकेनं वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं होती. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हे कायद्यानं ठरलं १९४१ मध्ये.

आता न सांगितली जाणारी बाजू. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम पुढे इंग्रजांशी लढला. १६७६ मध्ये तो मारला गेला आणि त्याचं मुंडकं त्याच प्लिमथमध्ये खांबावर कित्येक वर्षं ठेवलं होतं. बाप ज्यांच्या पंगतीला बसला, त्यांच्या मुलांनी हे केलं. १९७० पासून काही मूळ रहिवासी याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात.

आम्ही घरी टर्की करतो. मीठ-मिरीच्या टर्कीला चव नसते, म्हणून आदल्या रात्री आलं-लसूण आणि घरचा काळा मसाला चोळते. जेवणाआधी प्रार्थना करताना त्या हरणांची आठवण मुलांना मुद्दाम करून देते. मला मात्र खरा आभाराचा सण वाटतो तो नगरकडचा कापणीचा. लोक ज्वारी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी देवळात आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. पाच रुपयांचं लिंबू चढाओढीत पाचशेला जातं, आणि घेणारा ते पुन्हा लिलावाला ठेवतो.

तिकडे नाताळ दणक्यात असेल?

दुकानांत ऑक्टोबरपासून. पण ज्यांना अमेरिकेचे धार्मिक पूर्वज म्हणतात, त्या प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करायला कायद्यानं बंदी घातली होती, दंड पाच शिलिंग. शास्त्रात तारीख नाही, मग सण कसला, हा त्यांचा मुद्दा. संघराज्याची सुट्टी म्हणून नाताळ १८७० मध्ये आला.

नाताळ रविवारी आला की काही मोठी चर्च त्या दिवशी उपासनाच ठेवत नाहीत, लोकांना घरी राहायचं असतं म्हणून. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं फोन खराब झालाय. आमच्याकडे नाताळ म्हणजे आठवडाभर आधी करंज्या, चकल्या, अनारसे, रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणं आणि शेजारच्या हिंदू घरांत फराळाचं ताट. इथं मी ताट नेलं तर शेजारीण दारात म्हणाली, “ही रेसिपी कुठे मिळेल?” आणि जानेवारीत ताट घासून, त्यात केक ठेवून परत दिलं. रिकामं ताट परत करायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

प्रभुभोजनाला द्राक्षारस का नाही? नुसता ज्यूस का देतात?

कारण थॉमस वेल्च. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचा हा मेथडिस्ट, धंद्यानं दातांचा डॉक्टर. दारूबंदीवाला असून प्रभूच्या मेजावर मात्र दारू, हे त्याला सलायचं. १८६९ मध्ये त्यानं पाश्चरची युक्ती वापरून द्राक्षाचा रस उकळून बाटलीत असा भरला की तो आंबेना. आज किराणा दुकानात त्याच्या नावाच्या जांभळ्या बाटल्या मिळतात, आमच्या देवळाच्या फ्रिजमध्येही तीच असते. कॅथलिक, एपिस्कोपल, बहुतेक ल्यूथरन मंडळींत खरा द्राक्षारसच असतो.

असं चर्चमधून निघून स्वयंपाकघरात शिरलेलं बरंच आहे. ग्रॅहम क्रॅकर हे बिस्किट सिल्व्हेस्टर ग्रॅहम या प्रेस्बिटेरियन पाळकाच्या नावचं. मांस, मसाले, मैदा यांनी वासना चाळवतात, म्हणून कोंड्याचं पीठ खा, असं तो सांगे. त्याच्या बिस्किटात आता साखर घालतात आणि मुलं शेकोटीवर त्यात चॉकलेट दाबून खातात. नाश्त्याच्या कुरकुरीत पोह्यांमागचे केलॉग बंधू मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या आरोग्यधामातले. बास्केटबॉल १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या, म्हणजे ‘ख्रिस्ती तरुण संघा’च्या, प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथनं काढला आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये होलिओकच्या वायएमसीएत. आमच्या गल्लीतली पोरं जाळं बांधून खेळायची, तो खेळ अमेरिकन ‘ख्रिस्ती तरुण संघा’ची देणगी, हे मला इथं आल्यावर कळलं.

दारूबंदीनं तर देश हलवला. १९२० ते १९३३ देशभर बंदी होती, आणि तिच्यामागे चर्चमधल्या बायकांची मोठी फळी होती. त्यांची पुढारी फ्रान्सिस विलर्ड. आपल्या पंडिता रमाबाईंशी तिचा स्नेह होता. नवऱ्याच्या दारूनं घर बुडतं, हे दोघींना एकमेकींना समजवावं लागलं नसेल. बंदी फसली, गुन्हेगार गबर झाले. पण तिला नुसतं सोवळेपणाचं खूळ म्हणणाऱ्यांनी मार खाणाऱ्या बायकोच्या जागी क्षणभर उभं राहावं.

रविवारी दुकानं बंद असतात का?

आता क्वचित. न्यू जर्सीतल्या बर्गन परगण्यात कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स रविवारी अजून विकता येत नाही. पॅरामसचे मॉल बंद असलेले बघून आपली मंडळी चक्रावतात. तिथल्या रहिवाशांना विचाराल तर धर्मापेक्षा ट्रॅफिक कमी असतो याचंच सुख जास्त. बाकी शरद ऋतूत रविवारी फुटबॉल असतो, आणि एकच्या सामन्याला उशीर होणार असेल तर पाळकाचं प्रवचन आपोआप आटोपतं.

अमेरिकन मिशनरी आपल्याकडेच का आले?

खरं तर त्यांना येऊच देत नव्हते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याला उतरले, तर ईस्ट इंडिया कंपनीनं हुसकलं. कंपनीला व्यापारात धर्माची कटकट नको होती, शिवाय त्या वेळी अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध सुरू होतं. ते निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. हॉल मराठी शिकला, गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. नगरला मिशन आलं १८३१ मध्ये, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये.

सिंथिया फरार या अविवाहित बाई १८२७ मध्ये आल्या, आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरातच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेनं घर केलं आणि सावित्रीबाईंनीही त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं. ‘धर्मांतरासाठीच आले होते ना?’ हो, त्यासाठीच आले होते, ते लपवत नव्हते. पण बी पेरणाऱ्याच्या मनात असतं तेच उगवतं असं नाही.

याचा नमुना आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. कोल्हापूरला पूर्वी राहिलेला हा माणूस तेव्हा प्रिन्स्टनहून मासिक काढत होता. त्यानं पत्र छापलं आणि ख्रिस्ती होण्याबद्दल वर सुनावलंही. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कारपेंटर यांच्या हाती तो अंक पडला, दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या असताना. (अमेरिकन ख्रिस्ती इतिहासात दातांचे डॉक्टर फार.) त्यांनी आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं, धर्म बदल म्हणून गळ घातली नाही. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हिंदूच राहिल्या, आणि समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढल्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात, पोकिप्सीला, कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. मी तिथं एकदा मोगऱ्याचा गजरा घेऊन गेले होते, फ्रीजरमधला.

इकडून तिकडे काही गेलं का?

आत्याचा मुद्दा. हो, गेलं. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, कुणाला अंगात आग उतरल्यासारखं वाटलं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या काळ्या पाळकाच्या सभा, ज्यातून पेंटेकॉस्टल पंथ जगभर गेला असं सांगतात, त्या सुरू झाल्या १९०६ मध्ये. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी केडगावच्या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मेथडिस्टांपर्यंत पोचली आणि १९०९ च्या सुमारास तिथं तशीच लाट उठली. दौंडजवळच्या टाकलेल्या बायकांच्या आश्रमातून दक्षिण अमेरिकेपर्यंत! मी स्वतः शांत बसून प्रार्थना करणारी, मला हा आरडाओरडा झेपत नाही. पण इतिहास सांगताना केडगाव गाळलं की मला राग येतो.

तुमची मुलं विश्वासात राहतील का तिकडे?

आईचा प्रश्न. मोठी सोळाची आहे. ती म्हणते, मला येशू आवडतो, चर्चमधली माणसं आवडत नाहीत. मी तिला बजेटच्या सभेला घेऊन गेले. कपांवर बोलणारे आजोबा आता नव्वदीचे आहेत. त्यांनी तिला सांगितलं की त्यांची बायको गेली तेव्हा चार महिने रोज संध्याकाळी कुणी ना कुणी जेवण आणून ठेवत होतं, तेही कागदी डब्यांत. ती घरी येऊन काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र स्वतःहून उठली. त्याच्या पुढच्या रविवारी नाही उठली.

आम्ही तिकडे आलो तर पहिल्या रविवारी काय सांभाळायचं?

कपडे साधे चालतात, आमच्या चर्चला तर लोक जीन्समध्ये येतात. काळ्यांच्या चर्चला जाणार असाल तर मात्र ठेवणीतलं नेसा, तिथं टोप्याही बघण्यासारख्या असतात. ‘पाहुण्यांनी उभं राहावं’ म्हटलं तर उभं राहा, मेल्याहून मेल्यासारखं होईल पण लवकर संपतं. दानाची थाळी फिरते, पाहुण्यानं टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन घ्यायचं की नाही ते आधी कानात विचारा, पंथागणिक नियम वेगळे. हिंदू असाल तरी निःसंकोच या, कुणी अडवत नाही. परत परत बोलावतील, तेवढं हसून निभावा.

उपासनेनंतर तळघरात पॉटलक असेल, म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. तिथं ‘सैतानी’ नावाची मसाल्याची अंडी असतात, चर्चच्या तळघरात, आणि ती सगळ्यात आधी संपतात. तुम्ही साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की तिची वीट होते. बटाटेवडे न्या. आणि डब्याच्या बुडाला नावाची चिठ्ठी चिकटवा. माझा स्टीलचा मोठा डबा आठ वर्षांपूर्वी गेला तो गेलाच.